पूरग्रस्तांस जुने कपडे देण्याची शास्त्रोक्त पद्धत

कपडेदानाचा मुहूर्त पंचांगात नसतो. आपल्या कपाटाचे दार लागेनासे झाले की तो आला असे समजावे. त्याच सुमारास कुठे महापूर आला तर दुधात साखर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरले, २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. दोन्ही वेळा आमच्या सोसायटीतली कपाटे कशी प्रसन्न मोकळी झाली.

निवड हा या शास्त्राचा गाभा. सगळे जुने कपडे आधी बोहारणीपुढे मांडावेत. ही बाई परीक्षक म्हणून फार कडक. साडी उजेडाला धरते, काठ ताणून बघते, शर्टाची कॉलर उलटवते आणि म्हणते, "वहिनी, ही तर विरली. याचं काय करू मी?" मग स्टीलच्या पातेल्यावरून घासाघीस. पातेले आपल्याकडे, धड कपडे तिच्याकडे, आणि तिने पायाने बाजूला सारलेला ढीग जमिनीवर उरतो. तो पूरग्रस्तांचा. बोहारीण नको म्हणू शकते. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेला माणूस म्हणू शकत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

कृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेच्या घरात शालू-पैठण्याच निघाल्या, चिंधी काही सापडेना, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आपण त्या बाबतीत पुढे गेलो आहोत. चिंधीची ददात आपल्याकडे कधी नसते.

गाठोडे बांधण्यापूर्वी शर्टांची चांगली बटणे कापून घ्यावीत. परकरांच्या नाड्या ओढून घ्याव्यात, घरात लागतात. कपडे धुऊ नयेत. तिकडे पाणी भरपूर आहे. लहान मुलांचे, बायकांचे, पुरुषांचे असे वेगळे करत बसू नये. कार्यकर्त्यांनाही काही काम हवे. एक बरा शर्ट मात्र इस्त्री करून सर्वांत वर ठेवावा, फोटोत तोच येतो. लग्नात एकदाच घातलेली शेरवानी जरूर द्यावी. गुडघाभर चिखल उपसताना माणसाने निदान जरीत तरी असावे. तिकडून निरोप येतील की नवीन अंतर्वस्त्रे पाठवा, सॅनिटरी पॅड पाठवा, खराटे नि फरशी पुसायला सुती फडकी पाठवा. लक्ष देऊ नये. या वस्तू विकत आणाव्या लागतात, आणि विकत आणून देणे हे दान नव्हे, खर्च आहे.

काही संस्थांपासून जपून राहावे. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' ही त्यांतली एक. तिथे कपडे निवडतात, दुरुस्त करतात, मापाप्रमाणे लावतात, जीर्ण सुती कापडाचे पॅड शिवतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातल्या दात्यांच्या कपड्यांचे ढीग बेवारस पडले, तेही या लोकांनी उचलून कामी लावले. एवढ्यावर थांबले असते तर चालले असते. पण गावकऱ्यांनी विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला की त्या श्रमाबद्दल हे कपडे देतात. घेणाऱ्याने मान वर करूनच घ्यायचे ठरवले, तर आपण दाते कसे दिसणार? या प्रकाराला २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

पर्यावरणाचा मुद्दा कोणी काढलाच तर एका सुती शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा तोंडावर फेकावा आणि विषय बदलावा. कारण विषय लांबला की कोणाला तरी आजी आठवते. आजीच्या घरात कापूस मरतच नसे. लुगडे विटले की मऊ पदराची बाळाला दुपटी, उरलेल्याची गोधडी. गोधडी उसवली की तिच्यातून चुलीवरचे भांडे उतरवायचे मसोते, आणि अगदी शेवटी पोतेरे. पोतेऱ्याचे पुढे काय होई ते कोणी पाहिलेले नाही. थोडक्यात, दान करण्याजोगे त्या घरात काही उरतच नसे, बिचारी पुण्याला मुकली. आपला पॉलिस्टर पाणीसुद्धा टिपत नाही, त्यामुळे पोतेऱ्याचा मार्ग आपोआप बंद होऊन दानाचाच खुला राहतो.

शेवटची सूचना: टेम्पोबरोबर स्वतः जाऊ नये. मी एकदा गेलो. ओसरलेल्या पुराच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात एका म्हातारीने आमच्या गाठोड्यातला एक शर्ट उचलला. माझाच होता. तिने तो उजेडाला धरला, अगदी बोहारणीसारखा. पाठीवरच्या विरलेल्या जागेतून पलीकडचा गाळ भरलेला रस्ता दिसत होता. तिने कॉलर उलटवून पाहिली, बटणांची भोके मोजली, मग माझ्याकडे पाहिले.

"असू द्या," म्हणाली, आणि त्याची नीट घडी घातली.