पुस्तक मिटा, मग अभ्यास

दहावीच्या घरात संध्याकाळी एकच चौकशी चालते. अभ्यासाला बसलास का? किती वेळ बसलास? पुस्तक मिटल्यावर त्यातलं काय सांगता येतं, हे कोणी विचारत नाही. पोरगं तीन तास गाईडचं पान हायलायटरने पिवळं करतं आणि घर समाधानी असतं. माझा राग त्या समाधानावर आहे, पोरावर नाही. अभ्यास करायचा कसा, हे त्याला कोणी कधी शिकवलेलंच नाही.

तोच धडा चारदा वाचला की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचा झाला म्हणजे आला, असं वाटतं. परीक्षेत पान समोर नसतं, तिथे घोटाळा होतो. २००६ साली अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! आपल्या दहावीच्या घरांत हीच खात्री नांदते.

यात आपल्याला परकं काही नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसून पाढे म्हणणारी पिढी पुस्तकात बघत नव्हती. पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ म्हणायची, अडलं की आजोबा पुढचं सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घोकंपट्टी म्हणून आपण ते सगळं मोडीत काढलं. अर्थ न कळता पाठ करणं वाईटच, ते गेलं ते बरं झालं. पण त्यासोबत न बघता आठवण्याची रोजची सवयही गेली आणि तिच्या जागी आले अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या छापील नोट्स आणि 'आयएमपी' प्रश्नांची यादी. उत्तर दुसऱ्याने लिहायचं, आपण ते रंगवायचं.

निकाल लागला की आपण टक्क्यांकडे बघतो, पण हे टक्के मुलांच्या अभ्यासाबद्दल फार कमी सांगतात. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्के लागला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलांची अभ्यासाची रीत एवढी खाली आणि एवढी वर गेली असेल, यावर माझा विश्वास नाही. वर-खाली झाली ती मोजपट्टी. त्या आकड्यांचे फलक चौकात लागतात. मूल अकरावीच्या विज्ञान शाखेत पहिल्या चाचणीला कोसळतं तेव्हा फलक उतरलेले असतात.

प्रिलिमचे पेपर परत मिळतात तो दिवस बघा. पोरं बेरीज तपासतात, अर्ध्या गुणासाठी सरांशी भांडतात, शेजाऱ्याचे गुण बघतात आणि पेपर दप्तरात कोंबतात. वर्षभरातला सर्वात मोलाचा कागद तोच असतो. आपल्याला नेमकं काय येत नाही, हे त्यावर लाल शाईत लिहिलेलं असतं. त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, कारण शाळेला पुढच्या प्रिलिमची घाई असते.

हे बदलायला पैसा लागत नाही, म्हणून मी इतका हट्ट धरतो. क्लासची फी न परवडणाऱ्या घरातली आई, स्वतः सातवीत शाळा सुटलेली असली तरी, पुस्तक हातात धरून "आता तू सांग" म्हणू शकते. उत्तर तिला आलंच पाहिजे असं नाही. सांगताना मूल कुठे अडखळतं ते तिला ऐकू येतं, आणि मुलालाही.

मुख्याध्यापकांकडे माझं मागणं थोडकं आहे. जूनपासून नववी-दहावीच्या प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं वह्या-पुस्तकं मिटवा आणि आज काय शिकलो ते कोऱ्या कागदावर लिहायला लावा. त्याला गुण देऊ नका. मुलांनीच पुस्तक उघडून आपलं राहिलेलं शोधावं. प्रिलिमचे पेपर वाटल्यावर त्या विषयाचा एक पूर्ण तास चुकांना द्या, चुकलेलं उत्तर तिथेच न बघता पुन्हा लिहून घ्या. आणि आठ दिवसांनी, आधी न सांगता, तोच प्रश्न पुन्हा विचारा.