नायकाचं वय वर्षं पंधरा

परग्रहवासीयांनी पृथ्वीवर हल्ला केलाच, तर मानवजातीचं नेतृत्व आपल्याकडेच येणार याबद्दल मला कधी शंका नव्हती. अडचण एवढीच, की असे सिनेमे काढणाऱ्यांनी ती जागा शाळकरी पोरांसाठी राखून ठेवली आहे. पोरं आकाशातून काहीतरी पडताना बघतात, धावत येऊन मोठ्यांना सांगतात. मग शेरीफ म्हणतो, घरी जा. शास्त्रज्ञ मैत्रीचा हात पुढे करतो आणि त्या हातापासूनच त्याला खायला सुरुवात होते. 1998च्या ‘द फॅकल्टी’मध्ये तर मास्तर लोक आधीच पलीकडच्या पार्टीत गेलेले असतात. माझ्या वयाला शोभतील अशा भूमिका एवढ्याच.

म्हणून मला 1958चा ‘द ब्लॉब’ प्रिय आहे. उल्केतून निघालेला एक लिबलिबीत लाल गोळा पेन्सिल्व्हेनियातल्या गावात माणसं गिळत फिरतो, आणि गावाला सावध करत धावणारा कोवळा पोरगा आहे स्टीव्ह मॅक्वीन. वय 28. कुठल्याही भरतीत वयाची एवढी सूट मिळत नाही. मी मात्र ती सूटही केव्हाच ओलांडली आहे. तरी आशा आहे: गोळा ज्या थिएटरात शिरतो, ते फिनिक्सव्हिलचं कलोनियल थिएटर अजून चालू आहे आणि दर उन्हाळ्यात तिथे हौशी माणसं जमून किंचाळत बाहेर पळण्याचा प्रसंग पुन्हा करतात. घाबरून पळायला वयाची अट नाही. गुडघ्यांची आहे, पण ते नंतर बघू.

खरं तर मला नायकापेक्षा आक्रमकांची जास्त काळजी वाटते. एवढी प्रकाशवर्षं तुडवत येतात, पण निघण्यापूर्वी जरा चौकशी करतील तर शपथ! वेल्सच्या 1898च्या कादंबरीत मंगळवाले लंडन ताब्यात घेतात आणि आपल्या साध्या जंतूंनी मरतात. ब्लॉबला थंडी सोसत नाही. आग विझवण्याच्या नळकांड्यांतल्या गार वायूने तो आखडतो. ‘मार्स अटॅक्स!’मध्ये एका आजीबाईंच्या आवडत्या गवयाने ताना मारताच मंगळवाल्यांची डोकी फुटतात. (आजी आणि तिची कदर करणारा तेवढा एकच नातू, दोघंही वाचतात. ही तबकडी मी घरात सर्वांना सक्तीने दाखवली आहे.) ‘साइन्स’मधले तर पाण्याने भाजतात, आणि येतात कुठे, तर तीन चतुर्थांश पाणी असलेल्या ग्रहावर, बिनकपड्यांचे! दिग्दर्शक श्यामलन यांचा जन्म माहेचा, म्हणजे मलबार किनाऱ्यावरचा; पण पाहुणे उतरवताना त्यांना पाऊस आठवला नाही. हे लोक श्रावणात कोकणात उतरले असते, तर सिनेमा नावं पडेपर्यंतच संपला असता. आमच्या ‘कोई... मिल गया’तल्या जादूचीही तीच गत; त्याला ऊन लागतं, म्हणजे पावसाळ्यात तोही बसून. ‘द फॅकल्टी’तल्या जीवांना कॅफिनची भुकटी सुकवून मारते. एक पोरगा ती पेनाच्या नळीत भरून विकत असतो. आपण माणूसच आहोत हे सिद्ध करायला प्रत्येकाला ती सर्वांसमक्ष नाकात ओढावी लागते. माझ्या अंगात चहाचं जे प्रमाण आहे, ते पाहता मला चावणारा जीव जागीच वाळेल. नेतृत्वासाठी माझी ही एक जमेची बाजू, पण विचारतो कोण?

पुढे दहावीतल्या भाचीबरोबर 2011चा ‘अटॅक द ब्लॉक’ पाहिला. दक्षिण लंडनमधल्या नगरपालिकेच्या उंच इमारतीतली पोरं, त्यांचा म्होरक्या मोझेस. सुरुवातीलाच ते एका शिकाऊ नर्सला रस्त्यात लुटतात. मग वरून काळीकुट्ट, केसाळ, चमकत्या दातांची जनावरं पडतात आणि ही पोरं दिवाळीतल्यासारखे फटाके घेऊन त्यांना भिडतात. मी मजेत होतो. शेवटाकडे ती नर्स मोझेसच्या घरात शिरते. पलंगावर स्पायडरमॅनची गोधडी. ती फोनवर त्याला विचारते, धाकटा भाऊ आहे का? नाही. मग तुझं वय किती? पंधरा. मोठा दिसतोस, ती म्हणते. आणि तो आभार मानतो.

मॅक्वीन 28व्या वर्षीही मुलगाच असतो. पोलीस त्याच्यावर वैतागतात, पण शेवटी मुख्याध्यापक स्वतः दगड घालून शाळेची काच फोडतात आणि पोरांना त्या नळकांड्या काढून देतात. काळ्या मोझेसला मात्र पंधराव्या वर्षी कोणी मूल म्हणत नाही. इमारत वाचवून तो पोलिसांच्या गाडीत बसतो, हातात बेड्या. हा हिशोब कोण करतं? आणि आपण तरी घरात काय करतो! सिलिंडर सरकवायचा असला की ‘एवढा घोडा झालास’, आणि त्याच संध्याकाळी घरातल्या एखाद्या गोष्टीवर मत दिलं, की ‘तू अजून लहान आहेस’. असं वय ज्याच्यावर लादलंय, त्याने छतावर राक्षस पाहिल्याचं सांगितलं, तर आपण पहिल्यांदा त्याचे मार्क विचारू.

मी हे सगळं भाचीला कळकळीने सांगितलं. तिने हेडफोनचा एक कान बाजूला केला होता, त्यामुळे निम्मं तरी पोचलं असावं.

“मामा, तू शास्त्रज्ञ हो,” ती म्हणाली.

“तो पहिल्या वीस मिनिटांत जातो गं.”

“हो. पण तोवर खूप बोलतो.”

निदान मध्यंतरापर्यंत ठेव, मी म्हटलं. चार्जर आणून दिलास तर विचार करीन, म्हणाली.