सव्वादोन लाखांची नोकरी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 2017 साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. बदल्यात 13,000 नोकऱ्या. म्हणजे दर नोकरीमागे सव्वादोन लाख डॉलरच्या वर हुंडा! पुढच्या वर्षी माउंट प्लेझंट गावात सोनेरी फावड्यांनी भूमिपूजन झालं आणि ट्रम्प यांनी कारखान्याला जगातलं आठवं आश्चर्य ठरवूनही टाकलं. प्रकल्पापायी लोकांची घरं गेली, रस्ते रुंद झाले. पण ज्यांच्यासाठी हा कारखाना होता, ते टीव्हीचे अवाढव्य पडदे काही निघाले नाहीत. 2021 साली नवा करार झाला: नोकऱ्या 1,454, सवलत 8 कोटी डॉलर. राज्याचं नशीब एवढंच, की सवलत कामगार आणि गुंतवणूक मोजून द्यायची होती. (कुणी तरी कारकून जागा असणार.)

आपण मात्र हसू नये. याच कंपनीने 2015 साली महाराष्ट्राशी 5 अब्ज डॉलरचा, 50,000 नोकऱ्यांचा सामंजस्य करार केला होता. त्या दिवशी निदान फोटोग्राफरांना तरी काम मिळालं असेल. 2022 साली तिचा वेदांता कंपनीबरोबरचा सेमीकंडक्टर प्रकल्प महाराष्ट्राऐवजी गुजरातेत गेला म्हणून आपण ऊर बडवला. 2023 साली ती भागीदारीच मोडली. तोवर आपले अश्रू मात्र खर्ची पडले होते, आणि त्यांचा परतावा कुठल्याच धोरणात बसत नाही.