थांबू या, पुढची पिढी येतेय

आमच्या घरी लॅपटॉप विकत घेत नाहीत, त्याचं स्थळ बघतात. पुतण्याला आसुसचा झेफिरस जी१४ हवाय. हवाय म्हणजे २०२० पासून हवाय. त्या घराण्याची सारी कुंडली त्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव विचारा, गप्प.

पहिली पिढी खरोखर देखणी. चौदा इंची पडदा, साधारण १.६ किलो वजन आणि आत आठ कोरचा रायझन ९. लॅपटॉप मांडीवर घ्यायचा असतो, हे तोवरच्या बहुतेक गेमिंगवाल्यांना कुणी सांगितलंच नसावं. फक्त याला कॅमेरा नव्हता. जानेवारीत लास व्हेगासला तो जगासमोर आला आणि मार्चपासून जग घरात बसलं. शाळा, कचेऱ्या, साखरपुडे, सगळं कॅमेऱ्यासमोर. मी याला खोट म्हणालो.

"काका, तेच तर फीचर आहे! तास चालू असताना मी दिसणारच नाही."

वहिनींनी ते स्थळ तिथल्या तिथे नाकारलं.

कॅमेऱ्याचे वाचलेले पैसे बहुधा झाकणात गेले असावेत. वरच्या मॉडेलच्या झाकणाला ६,५३६ बारीक भोकं आणि त्यांच्याखाली १,२१५ दिवे. त्यावर चित्रं हलतात, अक्षरं धावतात. पण लॅपटॉप उघडून बसलं की ही रोषणाई समोरच्याला दिसते. पैसे मोजणारा आपला मागे बसून समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेणार.

२०२१ ला ग्राफिक्स कार्ड सुधारलं, कॅमेरा नाहीच. तो आला २०२२ ला, म्हणजे कचेऱ्या उघडू लागल्यावर. पण त्याच वर्षी एनव्हिडियाचं कार्ड जाऊन एएमडीचं आलं. "थांबू या," पुतण्या म्हणाला.

२०२३ ला थेट आरटीएक्स ४०९० पर्यंत मजल गेली. मला वाटलं, आता अक्षता पडणार. तर म्हणे, टेबलावरच्या संगणकातलं ४०९० साडेचारशे वॅट खातं, यातल्याला फार तर सव्वाशे मिळतात. शिवाय आतली चिपही निराळी. आडनाव भोसले असलं म्हणून प्रत्येक जण साताऱ्याच्या गादीवर बसत नाही, एवढं मला कळलं.

२०२४ ला मात्र मीच बिथरलो. रूप विचारू नका: अ‍ॅल्युमिनियमची काया, ओलेड पडदा, झाकणावरची जत्रा उठून एकच तिरकी प्रकाशरेघ. कार्ड ४०७० वर उतरलं, तेही चाललं असतं. पण रॅम सगळीच्या सगळी बोर्डावर सोल्डर केलेली! आधीच्या पिढ्यांत निदान एक खाच मोकळी असायची. स्क्रू काढावेत, पट्टी खोचावी, झाकण लावावं आणि दोन स्क्रू उरले तरी यंत्र चालावं, या श्रद्धेवर माझी हयात गेली. आता म्हणे घेतानाच ठरवा, पाच वर्षांनी किती लागेल ते. मला पाच वर्षांनी चष्म्याचा नंबर किती लागेल, ते सांगता येत नाही.

"मग थांबू या," या वेळी मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करत नाही.

२०२५ मध्ये ५०८० आलं. पुतण्याही नोकरीला लागलाय, पैसे त्याचेच आहेत, वहिनींची ना नाही. सध्या तो कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळतो. परवा हरला, तर म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड कमी पडलं."