भाऊसाहेबांचे फोटोग्राफर

तिसऱ्या मजल्यावरचे काका सकाळी नऊला हॉलमध्ये पालथे पडलेले दिसले, तर घाबरायचं नसतं. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. १०८ला फोन लावणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "काही झालेलं नाही. फोटो काढतायत."

समोर खिडकीकडे तोंड करून भाऊसाहेब बसले होते. भाऊसाहेब म्हणजे घरचा बोका. काळाकुट्ट, आणि चेहऱ्यावर कायम कर्ज नामंजूर केल्याचा भाव.

असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. आमच्या काकांनी बँकेत पस्तीस वर्षं कुठल्या साहेबापुढे मान वाकवली नाही, आता बोक्यापुढे साष्टांग. का, तर फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यायचा. "उभ्यानं काढलास की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय गायब!" हे ज्ञान ते लिफ्टचं दार धरून देतात.

फ्लॅश त्यांच्या लेखी पाप. मांजराच्या डोळ्यात आतल्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, त्यावर फ्लॅश पडला की भाऊसाहेबांचा मुंजा होतो. म्हणून खिडकीचा उजेड. पण खिडकीला पाठ करून बसले, की भाऊसाहेब नाहीतच, नुसतं मांजराच्या आकाराचं भोक. एक्स्पोजर वाढवावं, तर मागची खिडकी पांढरीफटक. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडचं नाव काढायचं नाही. तो मिशा खातो. त्यासाठीच तर निवृत्तीच्या पैशांतून कॅमेरा आला.

भाऊसाहेबांनी लेन्सकडे बघावं, म्हणून लेन्सच्या वर सुका बोंबील धरावा लागतो. तो काकू धरतात. काकू जन्माच्या शाकाहारी. एका हातात बोंबील, दुसऱ्या हातानं नाकाला पदर. काका बटण दाबून धरतात, खटाखट चाळीस फोटो. अडतीस शेपटाचे, एक जांभईचा, एक बरा. "माझ्या साठीला एकच काढला होता," काकू पदराआडून म्हणतात, "त्यात मला डोकं नाही."

"तू हलतेस फार," काका म्हणतात. बोक्याला हे कधी ऐकवलेलं नाही.

काकूंनी फारच कुरकुर केली, की काका इंग्लंडातल्या ब्राइटनच्या हॅरी पॉइंटरला साक्षीला काढतात. त्यानं १८७०च्या दशकात मांजरांना चहाला बसवून, तीनचाकीवर चढवून फोटो काढले होते. काका हे नाव थोरल्या चुलत्यासारखं घेतात. त्या काळी बोंबील कोण धरत होतं, हे मात्र सांगत नाहीत.

परवा त्यांनी बोलावून भिंतीवरची नवी फ्रेम दाखवली. खरं सांगतो, फोटो अप्रतिम होता. मिशी न् मिशी मोजून घ्यावी. डोळ्यांत खिडकीचा चौकोन. मागे मऊ, हिरवट-गुलाबी धुकं.

"बॅकग्राउंड बघ! कसं ब्लर झालंय!"

मी जवळ जाऊन निरखून पाहिलं. धुक्याच्या हातात बांगड्या होत्या.