टाळेबंदी अनुदान योजना

मार्च २०२० मध्ये २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि मराठी साहित्याचे दिवस पालटले. लेखकाला लागतो एकांत. तो सरकारने घरपोच दिला, वर नाक्यावर दंडुकेवाला पहाराही बसवला. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात असताना आम्हाला बोकाचिओचा ‘डेकॅमेरॉन’ आठवत असे. १३४८ ची प्लेगची साथ, फ्लॉरेन्सबाहेरचा वाडा, दहा तरुण मंडळी, दहा दिवस, शंभर गोष्टी. (शुक्रवार-शनिवार कथाकथनाला सुटी; शनिवार न्हाण्याचा.) नोकरचाकर सोबत नेले होते, मुदपाकखाना त्यांच्याकडे. त्यांच्यापैकी कुणी एकही गोष्ट सांगितल्याची नोंद नाही. बहुधा प्रतिभा कमी पडली असावी.

आमच्या दोन खोल्यांच्या वाड्यातही हीच शिस्त पाळली. टेबलावर मी. चिरंजीवांची शाळा ओट्यावर, तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये. सौ.ची ऑफिसची मीटिंग बाथरूमच्या दाराशी, कारण रेंज तिथेच येते. भांडीवाल्या बाईंना सोसायटीने फाटकाबाहेर ठेवले, त्यामुळे लेखनात कुणाची लुडबुड उरली नाही.

साथ असो वा नसो, प्रत्येक लेखकाला वर्षाकाठी एक टाळेबंदी अनुदान म्हणून मिळावी, असा ठराव साहित्य संमेलनात मांडायला हवा. पुरावा म्हणून माझी कादंबरी जोडतो: ‘एकटा’. मुद्रिते सौ.नेच तपासली, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात.

“अहो, हा माणूस घरात एकटाच आहे ना?”

“संपूर्ण एकटा.”

“मग दर प्रकरणात ह्याच्यापुढे चहा येतो कुठून?”

“जादुई वास्तववाद,” मी म्हणालो, आणि कप पुढे केला.