तरतूदराव

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, आणि त्या रेशनकार्डाची गोष्ट पुढे येणारच आहे. कराडला प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणारे आम्ही पाच-सहा जण मात्र त्यांना तरतूदराव म्हणतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन आला की माणसं "नको, नको" म्हणत ताट पुढे सरकवतात. हे ताटावर आडवा हात धरून विचारतात, "तरतूद आहे का? मागची पंगत बसायचीय अजून." वाढप्याला प्रश्न कळत नाही. तो पुढे जातो आणि तरतूदराव एका जिलेबीवर उठतात.

१९७२ च्या दुष्काळात ते उपकोषागारात नोकरीला लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. मधली चौतीस वर्षं त्यांनी लोकांची बिलं परत पाठवली. "प्रमाणक जोडलेले नाही." "सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी दिसत नाही." "तरतूद उपलब्ध नाही." लाल शाईतली ही तीन वाक्यं हेच त्यांचं समग्र वाङ्मय. सख्ख्या मेव्हण्याचं औषधोपचाराचं बिल एका सहीसाठी तीनदा फिरवलं होतं. तिसऱ्या वेळेपर्यंत मेव्हणा बरा होऊन कामावर आला होता. एकतीस मार्चच्या रात्री सगळ्या खात्यांचे लोक बिलांचे गठ्ठे घेऊन त्यांच्या टेबलाभोवती उभे असत, आणि आयुष्यात आपल्याला एवढी गर्दी जमली ती त्याच रात्री, असं ते अजूनही सांगतात. लाल पेन अजून खिशाला असतं.

निवृत्तीनंतर माणसं नातवंडांत रमतात. हे राज्याच्या अर्थसंकल्पात रमले. माणसांकडेही ते लेखाशीर्षाच्या नजरेनं बघतात. मी निवृत्त मास्तर, म्हणून मी "२०७१", म्हणजे निवृत्तिवेतन. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट झाला, तरी हे कंडक्टरपुढे पूर्ण तिकिटाचे पैसे धरतात. कंडक्टर हात जोडतो, मागचे प्रवासी ओरडतात, आणि गाडी उंब्रजपर्यंत ह्याच विषयावर जाते.

असा माणूस, आणि त्यात २०२४ साल. २८ जूनला विधानसभेत लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना दीड हजार, वर्षाला ४६ हजार कोटी. राज्यावरचं कर्ज ७ लाख ८२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात होता. पाठोपाठ ९ जुलैला ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. "पुरवणी म्हणजे चटणी-लोणच्याएवढी असावी," तरतूदराव म्हणाले, "हे तर दुसरं ताटच!"

त्याच महिन्यात आमच्या नातवाचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती, कुणी झबलं आणलेलं, कुणी चांदीचा वाळा. तरतूदराव पाळण्यात वाकले, बाळाच्या मुठीत शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, "साडेएकोणसत्तर हजार."

आमच्या हिला वाटलं, नोटेबरोबर आणखी काही येतंय. ती आशेनं बघत राहिली.

"कर्ज हो, वहिनी. माणशी. एकूण कर्जाला ११ कोटी २४ लाखांनी भागलं."

"पण आता लोकसंख्या वाढली असेल की," मी म्हणालो.

"२०११ नंतर जनगणना झालेली नाही. मंजूर आकडा तोच." मग पाळण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा तर अजून मोजणीतही नाही, पण वाटा चुकलेला नाही."

नाव ठेवायचं राहिलं आणि हिनं त्या दिवसापासून त्यांना चहा विचारणं बंद केलं.

घाटावर मात्र रोज खडाजंगी. शेवटी एकदा आमच्यातल्या गिरणीवाल्यानं लग्नपत्रिकेची कोरी पाठ त्यांच्यापुढे टाकली. "रोज कपात कपात करताय ना? लिहा. कुठं कापायचं ते लिहा." तरतूदरावांनी लाल पेन काढलं. पहिलंच लिहिलं, शेतीपंपाची मोफत वीज. फिरायला येणाऱ्यांतल्याच आप्पांची पाच एचपीची मोटार, म्हणजे साडेसात एचपीच्या मोफत मर्यादेतली. आप्पा शांतपणे म्हणाले, "कापा. मग पुढचा ऊस तुमच्या गच्चीत लावतो." पेन खाली आलं. बायकांचं एसटीचं अर्धं तिकीट? गिरणीवाल्याची बायको दर मंगळवारी कोल्हापूरला अंबाबाईला जाते. त्यानं पत्रिका परत मागितली. मग व्याज. "ते भारित," तरतूदराव स्वतःच म्हणाले, "त्यावर विधानसभेत मतदानसुद्धा होत नाही." राहिले पगार आणि पेन्शन. पगार, पेन्शन आणि व्याज ह्या तिघांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त पैसा जातो, हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेलं. २०७१ हा आकडा लिहून ते माझ्याकडे बघत बसले. मी कृष्णेच्या पाण्याकडे बघत बसलो.

शेवटी त्यांची नजर चहावाल्या आक्काकडे गेली. आक्काला दीड हजार सुरू झालेले. "फुकटचा पैसा..." एवढंच ते म्हणाले असतील. आक्कानं कान उपटावा तसा बिस्किटाचा पुडा बरणीतून उपसला आणि त्यांच्यापुढे आपटला. "अण्णा, ह्येच्यावर सरकार काय घेतं ते सांगा की आधी."

तरतूदरावांना हिशेबाचं आव्हान नाकारता येत नाही. चहापत्तीवर पाच टक्के, साखरेवर पाच, बिस्किटावर तेव्हा अठरा. पाच रुपयांच्या पुड्यात शहात्तर पैसे. दिवसाला किती पुडे, महिन्याला किती... ते लिहीत गेले, पत्रिका भरली, वधूवरांच्या नावांवरही आकडे चढले. बराच वेळ बघून त्यांनी कागदाची घडी घातली. "आक्का, तुमचं खातं तपासणीत योग्य आढळलं," म्हणाले आणि त्या दिवशी दोन चहांचे पैसे दिले.

लोक त्यांना चिकट म्हणतात, ते मला पटत नाही. वाटण्याला त्यांचा विरोधच नाही. दुष्काळानंतर रोजगार हमी आली, तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, तो त्यांच्याही पगारातून कापला गेला, आणि त्या कापल्या गेलेल्या रुपयांचा त्यांना पोरानं मेडल आणावं तसा अभिमान आहे. "खर्च सांगितला, तिथंच कर सांगितला. नोकरदारानं दिला, खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात पडला. ह्याला म्हणतात तरतूद!" आता मुलाच्या पगारातून महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे जातात, ते कशाचे हे मुलाला माहीत नाही, ह्याचं त्यांना दुःख. नोव्हेंबर उजाडला तसा निवडणुकीच्या आश्वासनांचा लिलावच सुरू झाला. ५ तारखेला कोल्हापुरात महायुतीनं दीड हजाराचे एकवीसशे केले, दुसऱ्या दिवशी मुंबईत महाविकास आघाडीनं तीन हजार सांगितले. तरतूदराव दोन्ही दिवस टीव्हीपुढे कागद-पेन घेऊन बसले होते, कराचं शीर्ष कधी सांगतात ते टिपायला. दोन्ही कागद कोरे.

पण त्यांचा खरा पराभव ऑगस्टातच झाला होता. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांवर पडले, तेव्हा एक मेसेज त्यांच्याच घरात वाजला. सूनबाईंच्या फोनवर.

"मुलाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे. दाखला दिला कुणी?" तरतूदराव कडाडले.

"दाखला लागलाच नाही, मामा. केशरी रेशनकार्ड असलं की नाही लागत."

कार्ड १९९९ चं. तेव्हा ह्यांचा पगार सात हजारांच्या आत, वर्षाचं उत्पन्न लाखाच्या खाली, म्हणजे केशरी अगदी नियमानं. पुढे वेतन आयोग आले, मुलाला पतसंस्थेत नोकरी लागली, पंचवीस वर्षं उलटली. सगळ्या तालुक्याची बिलं फिरवणाऱ्या माणसानं स्वतःचं कार्ड एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी कार्डावरच लाल शाईनं शेरा मारला, "अद्ययावत केलेले नाही," खाली तारीख, सही. स्वतःविरुद्ध मारलेला पहिला शेरा. सूनबाईंनी त्या पैशांतून मिक्सर घेतला होता, म्हणून ह्यांनी आपल्या पेन्शनीतून तीन हजार पाकिटात घातले आणि दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात जाऊन चलन मागितलं.

"कसलं चलन, काका?"

"पैसे परत करायचेत. शीर्ष सांगा, भरतो."

खिडकीतला मुलगा आत जाऊन आला. "काका, द्यायचा जीआर आलाय. घ्यायचा नाही आला."

"मग हे ठेवू कुठं?"

"तरतूद नाही," तो म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक, कुणाला काय सांगतोय.

पाकीट कपाटात गेलं, वर लाल शाईत लिहून: "लेखाशीर्षाअभावी प्रलंबित." मिक्सरवरची चटणी ते आठ दिवस खात नव्हते. नवव्या दिवशी शेंगदाण्याची होती.

निवडणूक झाली. २३ नोव्हेंबरला निकाल लागले, महायुती दोनशेच्या पार गेली. पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात दीड हजाराचे दीड हजारच राहिले, आणि योजनेची तरतूद ३६ हजार कोटींवर आली. तरतूदरावांना आनंद व्हावा की नाही ते ठरेना. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरावरून चालले होते. लेक माहेरी आलेली, नातू हिच्या कडेवर. तरतूदराव फाटकाशी थांबले. आमच्या हिनं दुसरीकडे पाहिलं, पण ते हिशेब करूनच आले होते.

"वहिनी, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी. ह्याचे आता त्र्याऐंशी हजार झाले."

हिनं नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याच्या मांडीची वळी चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाली, "बाळसं धरलंय म्हणा की!"